ब्रेकर आणि केबल : कारखान्यातील विद्युत्-संरक्षणाचा मेळ

1. एका खटक्याचा प्रश्न

वैशाखातील दुपार आहे. पत्र्याच्या छपराखाली एका कारखान्याचा यंत्रविभाग चालू आहे. गेल्या महिन्यात तेथे दोन नवी यंत्रे बसविली गेली आणि तेव्हापासून मुख्य पॅनेलमधील त्या विभागाचा सर्किट ब्रेकर दिवसातून दोनतीनदा ‘पडू’ लागला आहे. ब्रेकर पडला की सारी यंत्रे थांबतात, अर्धवट कापलेला धातू वाया जातो आणि पर्यवेक्षकाचा जीव कासावीस होतो. अखेर वायरमनला बोलावले जाते. ब्रेकरच्या दर्शनी भागावर एक लहानशी फिरती तबकडी असते. तिच्यावरील बाण 0.7 या आकड्यावर असतो. वायरमन पेचकसाने तो 1.0 वर नेतो. त्या दिवसापासून ब्रेकर पडत नाही.

प्रश्न सुटला, असे सर्वांना वाटते. वस्तुतः प्रश्न केवळ दृष्टीआड झालेला असतो. तो आता छपराजवळच्या ट्रेमधून जाणाऱ्या केबलच्या आत, कोणाच्याही नजरेस न पडता, हळूहळू पिकत असतो. असे का व्हावे, हे समजण्यासाठी ब्रेकर नेमके कोणाचे रक्षण करतो हे प्रथम जाणून घेतले पाहिजे.

ब्रेकर यंत्राचे रक्षण करतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु मोटरीच्या रक्षणासाठी तिच्या स्टार्टरमध्ये स्वतंत्र ओव्हरलोड रिले असतो. पॅनेलमधील ब्रेकरचे पहिले कर्तव्य निराळे आहे : त्याच्यापासून निघणाऱ्या केबलला तिच्या सहनशक्तीपलीकडे तापू न देणे. म्हणून ब्रेकरवरचा आकडा हा यंत्रांच्या गरजेचा आकडा नव्हे. केबलला दिलेल्या वचनाचा तो आकडा होय.

2. केबल का तापते ?

तारेतून विद्युत्प्रवाह वाहू लागला की ती तापते, हे सर्वांच्या अनुभवाचे आहे. या उष्णतेचा नियम इंग्रज शास्त्रज्ञ जेम्स प्रेस्कॉट जूल याने 1841 साली प्रसिद्ध केला. तारेत निर्माण होणारी उष्णता ही प्रवाहाच्या वर्गाच्या, तारेच्या रोधाच्या आणि वेळेच्या प्रमाणात असते. यातील ‘वर्ग’ हा शब्द महत्त्वाचा आहे. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते. दसपट झाला तर शंभरपट. प्रवाहातील किरकोळ वाढीनेही उष्णतेत मोठा फरक का पडतो, याचे उत्तर या वर्गात आहे.

केबलमधील तांबे किंवा ॲल्युमिनियम शंभर-दीडशे अंश तापमानाने बिघडत नाही. बिघडते ते त्यावरील निरोधक आवरण. पीव्हीसी या प्लॅस्टिकचे आवरण असलेल्या केबलचा धातू सतत 70 अंश सेल्सिअसपर्यंत तापलेला चालतो. एक्सएलपीई, म्हणजे ज्याचे रेणू परस्परांत सांधलेले आहेत असे पॉलिएथिलीन, 90 अंशांपर्यंत चालते. याहून अधिक तापमानात आवरण तत्काळ जळत नाही. पण ते अकाली म्हातारे होते. ते ठिसूळ बनते, त्याला भेगा पडतात आणि एक दिवस त्याची निरोधनशक्ती संपते. तापमान सुमारे दहा अंशांनी वाढले की आवरणाचे आयुष्य निम्मे होते, असा एक स्थूल आडाखा अभियंते वापरतात.

3. केबलची खरी क्षमता

केबलच्या माहितीपत्रकात तिची प्रवाहक्षमता छापलेली असते. परंतु तो आकडा विशिष्ट परिस्थितीपुरता खरा असतो. वर उल्लेखिलेल्या यंत्रविभागाकडे जाणारी केबल उदाहरणादाखल घेऊ. ती ॲल्युमिनियमची, एक्सएलपीई आवरणाची, 150 चौरस मिलिमीटर छेदाची आहे. भोवतालची हवा 40 अंशांची असताना आणि केबल एकटीच मोकळ्या हवेत असताना तिची क्षमता 275 अँपिअर आहे असे समजा.

पण पत्र्याच्या छपराजवळ मे महिन्यात हवा 50 अंशांची असू शकते. 40 अंशांच्या हवेत केबलला 90 अंशांपर्यंत तापण्यास 50 अंशांची मोकळीक होती. आता ती 40 अंशांचीच उरली. उष्णता प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे वाढत असल्याने 40 भागिले 50, म्हणजे 0.8, याचे वर्गमूळ काढावे लागते. ते येते सुमारे 0.89. म्हणजे केवळ हवेच्या उष्म्याने क्षमता अकरा टक्क्यांनी घटली.

शिवाय ही केबल एकटी नाही. त्याच ट्रेमध्ये तिला खेटून आणखी तीन केबली आहेत. गर्दीत बसलेल्या माणसाला जसा शेजाऱ्याचा उकाडा सोसावा लागतो, तसा तिला शेजारच्या केबलींचा सोसावा लागतो. त्यासाठी 0.80 हा गुणक धरू. आता 275 गुणिले 0.89 गुणिले 0.80 म्हणजे सुमारे 196 अँपिअर. माहितीपत्रकात 275 अँपिअरची असलेली केबल या जागी 196 अँपिअरचीच आहे.

4. पहिला नियम : अतिभारापासून रक्षण

यंत्रविभागाचा ब्रेकर 250 अँपिअरचा आहे. 250 ही त्याची कमाल मर्यादा. तबकडीने ती खाली आणता येते. तबकडी 0.7 वर असता ब्रेकर 175 अँपिअरला बांधला जातो. ज्या अभियंत्याने प्रथम ही तबकडी लावली, त्याने 0.7 हा आकडा सहज निवडला नव्हता. तेव्हा यंत्रविभागाचा भार 165 अँपिअर होता. म्हणजे भार 165, ब्रेकर 175, केबल 196, असा चढता क्रम होता. हाच संरक्षणाचा पहिला नियम : भाराचा प्रवाह ब्रेकरच्या नियोजित प्रवाहाहून अधिक नसावा, आणि ब्रेकरचा नियोजित प्रवाह केबलच्या खऱ्या क्षमतेहून अधिक नसावा.

या नियमाला एक जोड आहे. 175 अँपिअरला बांधलेला ब्रेकर 176 अँपिअरला लगेच पडत नाही. औद्योगिक ब्रेकरच्या मानकानुसार नियोजित प्रवाहाच्या 1.05 पटीला तो दोन तासांत पडता कामा नये आणि 1.30 पटीला दोन तासांच्या आत पडलाच पाहिजे. 175 च्या 1.30 पट म्हणजे सुमारे 228 अँपिअर. ब्रेकर ज्या प्रवाहाला निश्चित पडतो, तो प्रवाह केबलच्या क्षमतेच्या 1.45 पटीहून अधिक नसावा, अशी जोडअट आहे. 196 च्या 1.45 पट म्हणजे 284. तेव्हा 228 हा आकडा त्या आत बसतो. मात्र या जोडअटीचा अर्थ केबलने रोज थोडा जादा भार वाहावा असा नाही. तो अपवादात्मक, तात्पुरत्या भारासाठीचा पदर आहे.

नव्या यंत्रांनी भार 230 अँपिअरवर गेला. ब्रेकर पडू लागला. म्हणजे तो बिघडला नव्हता; आपले काम चोख करीत होता. तबकडी 1.0 वर जाताच तो 250 अँपिअरला बांधला गेला आणि 230 अँपिअर त्याच्या दृष्टीने निर्धोक ठरले. केबलच्या दृष्टीने मात्र काय झाले ? 196 अँपिअरला ती हवेहून 40 अंश अधिक तापत होती. 230 भागिले 196 याचा वर्ग सुमारे 1.38. म्हणून आता ती हवेहून 55 अंश अधिक तापणार, म्हणजे 105 अंशांपर्यंत जाणार. मर्यादा 90 अंशांची. वरचा आडाखा लावला तर आवरणाचे आयुष्य सुमारे एक-तृतीयांशावर येते. ज्या केबलने तीस वर्षे सेवा करावी तिला दहा वर्षांतच वार्धक्य येते, आणि तिचा शेवट साधा असेलच असे नाही. अशा आवरणातून एका वाहकाचा दुसऱ्याशी संबंध आला की ठिणगी, ज्वाला आणि ट्रेमधून पसरणारी आग हा क्रम ठरलेला असतो.

5. दुसरा नियम : शॉर्ट सर्किटपासून रक्षण

अतिभाराचा शत्रू सावकाश येतो; शॉर्ट सर्किटचा शत्रू झडप घालतो. दोन फेजच्या वाहकांचा परस्परांशी किंवा अर्थिंगशी थेट संबंध आला की प्रवाहाला अडविणारे यंत्र मधून वगळले जाते आणि केवळ रोहित्र व केबल यांचाच काय तो अडसर राहतो.

या कारखान्यात 11,000 व्होल्टचा दाब 415 व्होल्टवर आणणारे 1000 केव्हीए क्षमतेचे रोहित्र आहे असे समजा. त्याचा पूर्णभार प्रवाह सुमारे 1,390 अँपिअर. रोहित्राचा स्वतःचा अंतर्गत अडसर पाच टक्के असेल, तर मुख्य पॅनेलपाशी होणाऱ्या शॉर्ट सर्किटमध्ये या प्रवाहाच्या वीसपट, म्हणजे सुमारे 28,000 अँपिअर वाहू शकतात.

एवढ्या प्रवाहाने निर्माण होणारी उष्णता हवेत निसटून जाण्यास वेळच मिळत नाही. ती सारी धातूतच साठते. म्हणून येथे अंश-अंशाचा हिशेब न करता अभियंते एकच राशी पाहतात : प्रवाहाचा वर्ग गुणिले वेळ. प्रत्येक केबलला या राशीची एक कमाल मर्यादा असते. ती काढण्यासाठी केबलच्या छेदाला एका स्थिरांकाने गुणून त्या गुणाकाराचा वर्ग करतात. स्थिरांक धातू आणि आवरण यांवर अवलंबून असतो. पीव्हीसी आवरणाच्या तांब्याच्या केबलसाठी तो 115, ॲल्युमिनियमसाठी 76. एक्सएलपीई आवरणाच्या तांब्यासाठी 143 आणि ॲल्युमिनियमसाठी 94. पहिल्या दोन आकड्यांमागे धातू क्षणभर 160 अंशांपर्यंत, आणि नंतरच्या दोहोंमागे 250 अंशांपर्यंत जाऊ द्यावा, ही मर्यादा गृहीत धरलेली असते.

आपल्या उदाहरणातील केबलसाठी 94 गुणिले 150 म्हणजे 14,100. त्याचा वर्ग सुमारे 19 कोटी 88 लाख. 28,000 चा वर्ग 78 कोटी 40 लाख. पहिल्याला दुसऱ्याने भागले की उत्तर येते सुमारे 0.25. याचा अर्थ असा, की मुख्य पॅनेलजवळ या केबलमध्ये शॉर्ट सर्किट झाले तर ती पाव सेकंद तग धरील. डोळ्याची पापणी लवण्यास जेवढा वेळ लागतो, साधारण तेवढाच. त्या आत ब्रेकरने प्रवाह तोडला तर केबल वाचली. नाही तर गेली.

सुदैवाने ब्रेकरमध्ये यासाठी दुसरी यंत्रणा असते. अमेरिकन संशोधक टॉमस एडिसन याला 4 मे 1880 रोजी मिळालेल्या एका पेटंटात प्रवाह वाढताच वितळून परिपथ तोडणाऱ्या तारेचा, म्हणजे आज ज्याला फ्यूज म्हणतात त्याचा, विचार आढळतो. पण वितळलेली तार दर वेळी नवी घालावी लागते. जर्मनीतील मानहाइम येथील ह्यूगो स्टोट्झ यांनी 1924 साली पेटंट घेतलेल्या लहान ब्रेकरमध्ये उष्णतेने वाकणारी द्विधातूची पट्टी आणि चुंबकीय गुंडाळी या दोन्हींची सांगड घातली गेली. पट्टी हळू येणाऱ्या अतिभाराची दखल घेते. गुंडाळी शॉर्ट सर्किटचा प्रवाह येताच क्षणार्धात खटका सोडते. मोठ्या ब्रेकरमध्ये आता हीच दोन कामे इलेक्ट्रॉनिक परिपथ करतात. तात्काळ पडण्याची यंत्रणा बहुधा एक-दोन शतांश सेकंदांत काम उरकते. 0.25 सेकंदांच्या सहनशक्तीपुढे 0.02 सेकंदांचा ताण म्हणजे अवघा आठ टक्के.

मात्र ब्रेकरजवळ तेवढा प्रवाह तोडण्याची शक्ती हवी. 28,000 अँपिअर जेथे येऊ शकतात, तेथे त्याहून कमी भेदनक्षमतेचा ब्रेकर बसविणे म्हणजे पुराच्या तोंडी मातीचा बांध घालणे. तो प्रवाह तोडण्याऐवजी स्वतःच फुटतो.

6. दोन वक्र, एक कागद

ब्रेकरचे वर्तन एका वक्राने दाखविता येते : आडव्या अक्षावर प्रवाह, उभ्या अक्षावर पडण्यास लागणारा वेळ. प्रवाह थोडा अधिक असता वेळ तासांत. पुष्कळ अधिक असता शतांश सेकंदांत. आकड्यांचा हा प्रचंड पल्ला एका कागदावर बसावा म्हणून दोन्ही अक्षांवर लॉगरिदमी मापनश्रेणी वापरतात. केबलच्या सहनशक्तीचाही असाच वक्र काढता येतो. शॉर्ट सर्किटच्या भागात तो एका उतरत्या सरळ रेषेसारखा दिसतो.

संरक्षणाचा मेळ म्हणजे हे दोन वक्र एकाच कागदावर काढून पाहणे. ब्रेकरचा वक्र सर्वत्र केबलच्या वक्राच्या खाली व डावीकडे असला पाहिजे, म्हणजे प्रत्येक प्रवाहाला केबल थकण्यापूर्वी ब्रेकर पडला पाहिजे. जेथे दोन वक्र परस्परांना छेदतात, तेथपासून केबल उघडी पडते. तबकडी फिरविली की ब्रेकरचा वक्र सरकतो. केबलचा वक्र मात्र जागचा हलत नाही. केबल बदलल्याखेरीज किंवा तिची मांडणी सुधारल्याखेरीज तो हलविता येत नाही.

7. विलंब कशासाठी ?

आता एक नवी अडचण येते. यंत्रविभागाच्या उपपॅनेलमध्ये अनेक लहान ब्रेकर आहेत. त्यांतील एकाच्या शाखेत शॉर्ट सर्किट झाले तर फक्त त्या शाखेचा ब्रेकर पडावा आणि बाकीची यंत्रे चालू राहावी, अशी अपेक्षा असते. यास निवडक्षमता म्हणतात. पण शाखेचा प्रवाह वरच्या ब्रेकरमधूनही जातो. दोघांनाही ‘तात्काळ पड’ अशी आज्ञा असेल तर दोघेही पडतील आणि सारा विभाग अंधारात जाईल. म्हणून वरच्या ब्रेकरला थोडे थांबण्यास सांगावे लागते : ‘खालचा आपले काम करतो का ते पाहा, न केल्यास मग पड.’ हे थांबणे सामान्यतः 0.1 सेकंदाचे, त्याहून वरच्या मुख्य ब्रेकरसाठी 0.3 सेकंदाचे असते.

येथे दोन गरजांची रस्सीखेच सुरू होते. निवडक्षमतेला विलंब हवा. केबलला त्वरा हवी. अभियंत्याचे कौशल्य या दोहोंत समेट घडविण्यात आहे आणि या कामी केबलची लांबीच त्याच्या मदतीस येते.

मुख्य पॅनेलपासून उपपॅनेल 120 मीटर दूर आहे. या 120 मीटर ॲल्युमिनियमचा रोध प्रवाहाला लगाम घालतो. रोहित्राचा अडसर आणि केबलचा अडसर एकत्र धरला असता उपपॅनेलपाशी शॉर्ट सर्किटचा प्रवाह 28,000 वरून सुमारे 7,500 अँपिअरवर येतो. एवढ्या प्रवाहाला हीच केबल साडेतीन सेकंद टिकते. तेथे 0.1 सेकंदाचा विलंब तिला जाणवतही नाही. म्हणून ज्या ब्रेकरची रचना तशी सोय देते, त्यात तात्काळ पडण्याची मर्यादा 7,500 च्या वर, समजा 10,000 अँपिअरवर ठेवतात. 10,000 हून अधिक प्रवाह म्हणजे दोष केबलमध्येच, मुख्य पॅनेलच्या जवळ आहे. तेथे थांबण्याचे कारण नाही. त्याहून कमी प्रवाह म्हणजे दोष कदाचित खालच्या शाखेत आहे, तेथे 0.1 सेकंद वाट पाहावी. प्रवाहाच्या आकड्यावरून ब्रेकर दोषाचे ठिकाण ओळखतो, असे म्हटले तरी चालेल.

याच हिशेबातून एक सावधगिरीही निघते. मुख्य ब्रेकरचा विलंब 0.3 सेकंदाचा आहे आणि केबलची सहनशक्ती 28,000 अँपिअरला 0.25 सेकंदाची. यंत्रविभागाचा ब्रेकर ऐनवेळी अडकला तर मुख्य ब्रेकर प्रवाह तोडील खरा, पण तोवर केबल गेलेली असेल. मागचा पहारेकरी आहे म्हणून पुढच्याने झोपून चालत नाही. ब्रेकरची नियमित तपासणी का हवी, हे यावरून ध्यानी येईल.

8. दूरच्या टोकाचा क्षीण प्रवाह

आतापर्यंत अतिशय मोठ्या प्रवाहाची भीती पाहिली. पण संरक्षणात मोठ्या प्रवाहाइतकाच घातक असतो तो अपुरा प्रवाह. आणि बहुतेक चुका येथेच होतात.

उपपॅनेलपासून 60 मीटर दूर एक साडेसात किलोवॅटची मोटर आहे. तिला 4 चौरस मिलिमीटर छेदाची, पीव्हीसी आवरणाची तांब्याची केबल जाते. तिच्या रक्षणास 25 अँपिअरचा लहान ब्रेकर आहे. मोटर सुरू होताना क्षणभर पूर्णभाराच्या सहा-सात पट प्रवाह घेते. त्या झटक्याने ब्रेकर पडू नये म्हणून अशा ब्रेकरचे वर्ग केलेले असतात. ‘बी’ वर्गाचा ब्रेकर आपल्या आकड्याच्या 3 ते 5 पटींत तात्काळ पडतो, ‘सी’ वर्गाचा 5 ते 10 पटींत, ‘डी’ वर्गाचा 10 ते 20 पटींत.

येथे ‘सी’ वर्गाचा ब्रेकर आहे. तो कधीमधी मोटर सुरू होताना पडतो; म्हणून कोणी तो काढून ‘डी’ वर्गाचा बसवितो. आकडा तोच, 25 अँपिअर. मग बदलले काय ?

समजा, मोटरीच्या पेटीत एका फेजच्या वाहकाचा मोटरीच्या धातूच्या अंगाशी संबंध आला. प्रवाह फेजमधून जाऊन अर्थिंगच्या वाहकातून परत येतो. परतीचा वाहकही तेवढ्याच छेदाचा धरला तर जाण्या-येण्याच्या 120 मीटर तापलेल्या तांब्याचा आणि वरच्या केबलचा मिळून रोध पाऊण ओहमच्या किंचित वर जातो. 240 व्होल्टला त्याने भागले की प्रवाह येतो सुमारे 310 अँपिअर. ‘सी’ वर्गाच्या 25 अँपिअरच्या ब्रेकरला तात्काळ पडण्यास जास्तीत जास्त 250 अँपिअर लागतात. तो निश्चित पडेल. ‘डी’ वर्गाच्या ब्रेकरला 500 अँपिअरपर्यंत लागू शकतात. 310 अँपिअरला तो तात्काळ पडेल याची शाश्वती नाही. मग सारे काम सावकाश तापणाऱ्या द्विधातूच्या पट्टीवर येऊन पडते.

ही 4 चौरस मिलिमीटरची केबल 310 अँपिअर सुमारे 2.2 सेकंद सोसू शकते. पट्टीही जवळपास तेवढाच वेळ घेऊ शकते. म्हणजे दोन वक्र परस्परांना शिवू लागले. आणि हा केवळ केबलचा प्रश्न नाही. तेवढा वेळ मोटरीचे धातूचे अंग विजेने भारलेले राहते. त्या क्षणी कामगाराचा हात त्यावर असेल तर ? अशा शाखांवर 0.4 सेकंदाच्या आत प्रवाह तुटावा, असे आंतरराष्ट्रीय मानक सांगते. ‘बी’, ‘सी’, ‘डी’ या एका अक्षराच्या फरकात एका माणसाचा जीव गुंतलेला असू शकतो, तो असा.

यावर उपाय आहेत. केबलचा छेद वाढवून रोध कमी करता येतो. मोटर हळुवार सुरू करणारा स्टार्टर वापरून ‘सी’ वर्गाचा ब्रेकर कायम ठेवता येतो. किंवा अर्थिंगकडे गळणारा प्रवाह ओळखून पडणारा स्वतंत्र गळती-ब्रेकर जोडता येतो. पण कोणताही उपाय हिशेबानंतरचा असावा, हिशेबाऐवजीचा नसावा.

याच केबलच्या जवळच्या टोकाला उलट परिस्थिती असते. तेथे 7,500 अँपिअर येऊ शकतात आणि ही बारीक केबल त्यांना जेमतेम चार सहस्रांश सेकंद सोसते. पन्नास आवर्तनांच्या विजेचे अर्धे आवर्तनच दहा सहस्रांश सेकंदांचे असते. अशा ठिकाणी प्रवाह शिखरास पोहोचण्यापूर्वीच त्याला छाटणारा ब्रेकर लागतो, आणि तो किती ऊर्जा खाली जाऊ देतो हे निर्मात्याच्या तक्त्यावरून पाहावे लागते. एकाच केबलच्या दोन टोकांना दोन निराळे धोके असतात : जवळच्या टोकाला प्रवाहाच्या आधिक्याचा, दूरच्या टोकाला त्याच्या क्षीणतेचा. संरक्षण दोन्ही टोकांना तपासले तरच ते संरक्षण.

9. पुन्हा त्या तबकडीकडे

आता प्रारंभीच्या प्रसंगाचा अर्थ अधिक स्पष्ट होईल. 0.7 वरून 1.0 वर गेलेल्या बाणाने केवळ अतिभाराची मर्यादा वाढविली नाही. पुष्कळ ब्रेकरमध्ये विलंबाने पडण्याची मर्यादा ही नियोजित प्रवाहाच्या पटींत मोजलेली असते. ती आठ पट असेल, तर पूर्वी 175 च्या आठ पट म्हणजे 1,400 अँपिअर होती. आता 250 च्या आठ पट म्हणजे 2,000 झाली. उपपॅनेलपाशी एका फेजचा न्यूट्रलशी संबंध आला तर या केबलमधून सुमारे 2,200 अँपिअरच येतात. पूर्वी 1,400 आणि 2,200 यांत ऐसपैस अंतर होते. आता ते नावापुरते उरले. एक तबकडी फिरली आणि दोन वचने ढळली.

मग कारखान्याने काय करावे ? नवी यंत्रे तर चालली पाहिजेत. 230 अँपिअरचा भार खरा आहे, तर केबलची क्षमता तेवढी करावी लागेल. नवी, अधिक जाड केबल घालणे हा एक मार्ग आहे. पण आकडे नीट पाहिले तर अधिक स्वस्त मार्गही दिसतो. केबलची क्षमता 196 वर येण्यास शेजारच्या तीन केबलींची गर्दी कारण आहे. ही केबल उचलून स्वतंत्र, मोकळ्या ट्रेमध्ये ठेवली तर 0.80 हा गुणक निघून जातो आणि क्षमता 275 गुणिले 0.89, म्हणजे सुमारे 245 अँपिअर होते. मग तबकडी 0.95 वर ठेवता येते : 250 च्या 0.95 पट म्हणजे सुमारे 238. भार 230, ब्रेकर 238, केबल 245. चढता क्रम पुन्हा साधला. विलंबाच्या मर्यादेची पट मात्र आठावरून सहावर आणावी, म्हणजे ती पुन्हा 1,400 च्या आसपास येईल.

गंमत अशी, की दोन्ही वेळा बाण 0.7 च्या पुढेच गेला. पहिल्या वेळी केबलला न विचारता, दुसऱ्या वेळी तिला विचारून. पेचकस तोच, तबकडी तीच. फरक फक्त आधी केलेल्या चार ओळींच्या हिशेबाचा.

म्हणूनच चांगल्या कारखान्यात प्रत्येक ब्रेकरजवळ एक लहानशी नोंद लावलेली असते : केबलचा छेद व लांबी, तिची खरी क्षमता, ब्रेकरची ठरविलेली मांडणी आणि ती ठरविल्याची तारीख. ब्रेकर वारंवार पडत असेल तर तबकडीला हात लावण्यापूर्वी ही नोंद वाचावी. पडणारा ब्रेकर हा कामात खोळंबा करणारा शत्रू नव्हे. तो केबलच्या वतीने बोलत असतो. केबलला स्वतःचा आवाज नसतो, आणि तिच्या वतीने बोलणाऱ्याचे तोंड बंद केले तर पुढचा निरोप धुराच्या रूपाने येतो.

अभ्यासासाठी प्रश्न

1. केबलमधील प्रवाह तिच्या क्षमतेच्या 1.2 पट झाला, तर तिच्यात निर्माण होणारी उष्णता किती पट होईल ?

2. उदाहरणातील 150 चौरस मिलिमीटरच्या केबलऐवजी त्याच प्रकारची 185 चौरस मिलिमीटरची केबल वापरली, तर ती 28,000 अँपिअर किती सेकंद सोसेल ? मुख्य ब्रेकरचा 0.3 सेकंदाचा विलंब तिला चालेल काय ?

3. 40 अंशांच्या हवेत 70 अंशांपर्यंत चालणाऱ्या पीव्हीसी केबलची क्षमता 50 अंशांच्या हवेत कोणत्या गुणकाने घटेल ? एक्सएलपीई केबलच्या गुणकाशी तुलना करा आणि फरकाचे कारण सांगा.

4. वरच्या ब्रेकरला विलंब का देतात ? तो विलंब कितीही वाढविता येईल काय ?

5. एखाद्या शाखेवर ‘सी’ वर्गाच्या ब्रेकरऐवजी त्याच आकड्याचा ‘डी’ वर्गाचा ब्रेकर बसविण्यापूर्वी कोणत्या गोष्टी तपासाव्या ?